सफरचंदाच्या सिरक्यावर दरवेळी पांढरी साय येते आणि तो मध्येच अडकतो, त्याचं काय करायचं

दिवाळीच्या आसपास आमच्या इंदूरच्या, सुदामा नगरमधल्या घरात सफरचंदं गरजेपेक्षा जास्त होतात. पाहुणे येताना घेऊन येतात, शिवाय चोइथराम मंडीत तेव्हा काश्मीरचा माल उतरलेला असतो, त्यामुळे आम्हीही पेटीच उचलतो. आठ-दहा दिवसांत ती पिठूळ होऊ लागतात आणि मुलं तोंड लावत नाहीत. त्यांचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचा असं मी चार वर्षांपूर्वी ठरवलं आणि पुढची तीन वर्षं माझी बरणी बरोबर एकाच जागी येऊन अडली.

दरवेळचा क्रम असा. सालं, गाभा आणि फोडी बरणीत घालायच्या, साखरेचं पाणी ओतायचं, वर मलमल बांधायची. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आणि पिकल्या फळाचा छान वास. आठव्या दिवशी वर पांढरी, सुरकुतलेली साय. ती काढली की दोन दिवसांत पुन्हा हजर. विसाव्या दिवशी चाखून पाहावं तर ना गोड ना आंबट, शिळ्या पावासारखी चव. महिनाभर ठेवलं तरी आंबटपणा पुढे सरकत नाही. असंच होत असल्याचं मला ओळखीच्या निदान चार-पाच जणींनी सांगितलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

मला वाट दाखवली सासूबाईंनी. सिरका त्यांनी कधी घातला नव्हता, पण लोणच्यात हयात गेलेली. बरणीकडे बघून म्हणाल्या, "अगं, फोडी वर तरंगतायत. लोणचं असं ठेवलं असतंस तर मी रागावले असते." खारात बुडालेलं टिकतं आणि हवेला उघडं पडलेलं बिघडतं, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मी ती सिरक्याला लावली नव्हती, कारण मी वाचलेल्या प्रत्येक कृतीत पहिल्या दिवसापासून कापड बांधायला सांगितलेलं होतं.

अडकण्याचं खरं कारण

सिरका ही दोन कामं आहेत, एकामागून एक होणारी, आणि दोन्हींना उलट परिस्थिती लागते.

पहिलं काम यीस्टचं. ते फळातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. या कामाला हवा लागत नाही, उलट हवा असली की दुसरेच पाहुणे शिरतात. दुसरं काम ॲसेटोबॅक्टर जातीच्या जिवाणूंचं. ते त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे सिरक्याचा आंबटपणा. त्यांना मात्र हवेतला ऑक्सिजन भरपूर लागतो, तो नसेल तर ते स्वस्थ बसून राहतात. लुई पाश्चरने हे जिवाणूंचं काम १८६० च्या दशकात उलगडून दाखवलं. व्हिनेगर हा शब्दच फ्रेंचमधून आला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आहे आंबट झालेली वाईन. मधली वाईनची पायरी पूर्ण झाल्याशिवाय सिरका होऊ शकत नाही, हे त्या नावातच सांगितलेलं आहे.

पहिल्या दिवसापासून कापड बांधलं की पहिल्या कामाला नको असलेली हवा मिळते. वरवर तरंगणारं एक वेगळं रानटी यीस्ट पृष्ठभागावर पसरतं. तीच ती पांढरी साय. ते हवेच्या जोरावर साखर खातं, तयार होत आलेलं अल्कोहोल खातं, थोडंफार झालेलं ॲसिडही खातं. मग जिवाणूंच्या वाट्याला काही उरतच नाही. साय काढून टाकल्याने फरक पडत नाही याचं कारणही हेच आहे, कारण खालचं खाद्य आणि वरची हवा दोन्ही जागच्या जागी असतात.

म्हणून उपाय एकच: दोन कामं दोन भांड्यांत, दोन वेगळ्या झाकणांखाली करायची.

पहिला टप्पा, हवा बंद

सफरचंदं धुवून, सडका भाग दिसेल ते फळ अख्खंच बाजूला काढायचं. सडक्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं आणि ते आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरलेलं असतं, तेव्हा तेवढा भाग कापून बाकीचं वापरणं मला पटत नाही. पिठूळ झालेलं, सुरकुतलेलं चालेल. दोन किलो फळं मिक्सरमधून काढून फडक्याने पिळली की एक-सव्वा लिटर रस मिळतो.

सफरचंदाच्या रसात दर लिटरला साधारण १०० ते १२० ग्रॅम साखर मुळातच असते, त्यामुळे वरून साखर घालायची गरज नाही. फक्त सालं आणि गाभा वापरणार असाल तर दर लिटर पाण्याला १०० ग्रॅम साखर घाला. हिशेब असा की लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे १०० ग्रॅममधून जवळजवळ ६ टक्के. त्यातून पुढे स्वयंपाकघरात ४ ते ५ टक्क्यांचा सिरका हाती येतो. काही जणी जास्त कडक व्हावा म्हणून लिटरला पाव किलो साखर ओततात. तसं केलं तर अल्कोहोल इतकं वाढू शकतं की ॲसेटोबॅक्टरलाच ते सोसत नाही, आणि सिरका दुसऱ्या टप्प्यात अडकतो. बरणी अडकण्याचं हे दुसरं मोठं कारण आहे.

यीस्ट मी बेकिंगच्या सामानात मिळतं तेच कोरडं वापरते, लिटरला पाव चहाचा चमचा. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालायचं. पाणी बोटाला सुखद लागेल एवढंच कोमट, कढत पाण्यात यीस्ट मरतं. सालीवरच्या नैसर्गिक यीस्टवर भरवसा ठेवणारे पुष्कळ आहेत, पण बाजारातल्या बऱ्याच सफरचंदांना मेण लावलेलं असतं, आणि ती आपल्या हाती येईपर्यंत किती वेळा धुतली, पुसली गेली हे आपल्याला माहीत नसतं. बाहेरून यीस्ट घातलं की ते पहिल्याच दिवशी जागा धरतं आणि रानटी यीस्टला वाव राहत नाही.

बाटली तीन-चतुर्थांश भरा, वर फेसाला जागा हवी. झाकणाला भोक पाडून त्यात मत्स्यपेटीची बारीक नळी घट्ट बसवा आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. नळी नसेल तर टाचणीने भोक पाडलेला फुगा तोंडावर चढवला तरी काम होतं. एक गोष्ट कधीही करू नका: काचेच्या बाटलीचं बूच घट्ट फिरवून ठेवू नका. आतला दाब वाढून बाटली फुटते आणि काचा लांबवर उडतात.

पाणी घालणार असाल तर नळाचं नर्मदेचं पाणी उकळून गार केलेलं घ्या. त्यातलं क्लोरीन यीस्टला मानवत नाही.

हे काम संपलं कधी, हे डोळ्यांनी नीट कळत नाही. बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली असंच नाही, थंडीनेही ते थांबतात. मी लॅक्टोमीटर वापरते, म्हणजे दुधातलं पाणी ओळखायची ती तरंगणारी काचेची नळी. आधी तो साध्या पाण्यात सोडून कुठवर बुडतो ती खूण बघून ठेवायची. ताज्या रसात तो खूप वर तरंगतो, कारण साखरेने रस जड असतो. साखर जसजशी संपते तसतसा तो खाली जातो, आणि पाण्याच्या खुणेच्या आसपास येऊन तीन दिवस तिथेच राहिला की पहिलं काम पूर्ण. पंचवीस अंशांच्या आसपासच्या हवेत याला दहा ते पंधरा दिवस लागतात.

आता बाटलीत आहे ते खरं तर सफरचंदाचं सायडर, म्हणजे सौम्य दारूच. इथेच थांबून ते पिण्यासाठी ठेवावं असं कुणाला वाटेल. मध्य प्रदेशात आबकारी अधिनियम, १९१५ खाली परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, आणि बडोद्याकडच्या आपल्या नातेवाइकांकडे तर पूर्ण दारूबंदी आहे. मी या टप्प्यावर एक दिवसही रेंगाळत नाही. लॅक्टोमीटर थांबला की त्याच दिवशी वरचं स्वच्छ पाणी नळीने काढून घेते, तळाचा गाळ टाकते आणि त्यात सिरका मिसळून त्याला आंबवायच्या वाटेला लावते. ऊर्ध्वपातन करून काही 'कडक' काढायच्या भानगडीत तर कुणीही पडू नये.

दुसरा टप्पा, हवा मोकळी

यासाठी रुंद तोंडाची काचेची बरणी हवी. जितका पृष्ठभाग जास्त तितका सिरका लवकर होतो. अरुंद बाटलीत दोन महिन्यांत जे होणार नाही ते रुंद बरणीत पाच-सहा आठवड्यांत होतं. बरणी अर्धीच भरा.

चार वाट्या सायडरला एक वाटी जिवंत सिरका घाला, म्हणजे बाजारातला न तापवलेला, तळाशी गढूळ मदर, म्हणजे जिवाणूंचा पापुद्रा, असलेला. पांढरा पारदर्शक सिरका इथे कामाचा नाही, त्यात जिवाणू नसतात. या एका वाटीने दोन गोष्टी साधतात: कामकरी जिवाणू मिळतात, आणि सगळं पहिल्या दिवसापासून आंबट झाल्यामुळे पांढऱ्या सायीला बसायला जागा राहत नाही. पहिली बरणी झाली की पुढच्यासाठी त्यातलाच काढून ठेवायचा, विरजणासारखा.

वर कापड घट्ट विणीचं, दुहेरी. विरळ मलमलीतून चिलटं सहज आत जातात. मी जुन्या धोतराचा तुकडा वापरते आणि रबराने दोनदा आवळते.

वर जे आलं आहे ते नेमकं काय

पांढरी, कोरडी, सुरकुत्या पडलेली, हलवली की तुकडे होणारी पातळ साय म्हणजे ते रानटी यीस्ट. विषारी नाही, पण चव नासवते. दुसऱ्या टप्प्यात दिसली तर काढा आणि आणखी अर्धी वाटी जिवंत सिरका घाला.

गुळगुळीत, ओलसर, नारळाच्या कोवळ्या मलईसारखा लवचिक पापुद्रा म्हणजे मदर. हा जिवाणूंनी स्वतःच विणलेला असतो. याला हात लावू नका. काही बरण्यांत तो येतच नाही आणि तरीही सिरका उत्तम होतो, त्यामुळे मदर दिसली नाही म्हणून काळजी करत बसू नका.

हिरवे, काळे, निळे केसाळ ठिपके म्हणजे बुरशी. इथे तडजोड नको. वरचा थर काढून खालचं वाचवायचा प्रयत्न करू नका, सगळी बरणी ओता. फोडी तरंगत ठेवणाऱ्यांकडे ही जास्त दिसते. मी दुसऱ्या टप्प्यात फळाचा एकही तुकडा ठेवत नाही, त्याचं हे कारण.

वासावरून

पहिल्या टप्प्यात सडक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्ट उपाशी आहे. नुसत्या साखरपाण्यात त्याला साखर मिळते, पण नायट्रोजन मिळत नाही. दहा-बारा बेदाणे चिरून घाला, किंवा थोडं यीस्ट पाण्यात उकळून, म्हणजे मारून, ते गार करून घाला. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टचं अन्न होतं. यावर तांब्याचा तुकडा टाकायचा उपाय काही ठिकाणी सांगतात, तो करू नका, आंबट द्रवात तांबं उतरतं.

नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास दुसऱ्या टप्प्यात मध्येच येतो. तो एथिल ॲसिटेटचा, अल्कोहोल आणि ॲसिड एकत्र असताना तयार होणारा. बरणी बिघडली असं समजून ओतू नका. हवा कमी पडते आहे. बरणी जास्त भरली असेल तर अर्धी दुसरीकडे काढा आणि दोन-तीन आठवडे थांबा, बहुतेक वेळा तो ओसरतो.

रस सुरूच होत नाही

डब्यातला रस वापरला असेल तर लेबल वाचा. आयएनएस २०२, २११, २२० किंवा २२४ लिहिलेलं असेल तर ती परिरक्षकं आहेत, आंबू नये म्हणूनच घातलेली. कितीही यीस्ट घाला, तो रस उठणार नाही.

इंदूरची हवा

यीस्ट आणि ॲसेटोबॅक्टर दोघांनाही २५ ते ३० अंश मानवतात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे त्यासाठी सगळ्यात चांगले. मे महिन्यात स्वयंपाकघर ३८-४० अंशांवर जातं, तेव्हा बरणी थांबते किंवा विचित्र वास धरते. घालायचीच असेल तर पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा फ्रिजच्या वरच्या कोमट जागी ठेवली की काम चालू राहतं. पावसाळ्यात तापमान चांगलं असतं, पण दमट हवेत बुरशी जास्त, तेव्हा कापड रोज बघा आणि ओलसर वाटलं तर बदला.

जांभळाचा सिरका जून-जुलैत घालणाऱ्यांनी लोखंडी सुरी, कढई, गाळणी काहीही लावू नये, रस काळा पडतो. आणि कुठल्याही सिरक्याला तांब्या-पितळेचं भांडं नको, कल्हई असली तरी नको. आजीच्या चिनीमातीच्या बरणीबद्दल मला फार जिव्हाळा आहे, पण जुन्या बरण्यांच्या लुकणात शिसं असण्याची शक्यता असते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. मी काचच वापरते.

झाला की नाही, हे हळद-चुन्याने

अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आंबवून केलेल्या सिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असावं लागतं. जिभेला हा आकडा कळत नाही आणि पीएचच्या पट्टीलाही नीट कळत नाही. पण हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच तर होतं, आणि त्यावरून मोजता येतं.

पानवाल्याकडचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरची स्वच्छ निवळी काढा. लेबलवर टक्केवारी लिहिलेला दुकानातला सिरका १ मिली घ्या, त्यात चार चमचे पाणी आणि चिमूटभर हळद. आता १० मिलीच्या सिरिंजने निवळी थोडी थोडी सोडत, ढवळत राहा. पिवळा रंग लालसर होऊन टिकला की थांबा आणि किती मिली लागली ते लिहा. मग तेच आपल्या सिरक्याचं, त्याच निवळीने. माझ्याकडे दुकानातल्या ४ टक्क्यांच्या सिरक्याला १४ मिली लागली. गेल्या नोव्हेंबरमधल्या बरणीला पाचव्या आठवड्यात १२ लागली, म्हणजे साधारण ३.४ टक्के, कमी. आणखी दोन आठवडे ठेवली, तेव्हा १५ लागली, म्हणजे सव्वाचारच्या जवळ. सफरचंदाची स्वतःची आंबटी यात मिसळलेली असते, म्हणून खरा आकडा याहून थोडा खाली धरा. मोजलेला सिरका फेकून द्या, प्यायचा नाही. डोळ्यांत निवळी जाऊ देऊ नका.

या घरच्या सिरक्यात कांदे घाला, कोशिंबिरीत घाला, चटणीत घाला, आणि ते पदार्थ फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. वर्षभर बाहेर टिकवायच्या लोणच्याला मात्र मी तो वापरत नाही. त्याला खात्रीचा ५ टक्क्यांचा सिरका लागतो, आणि आपली मोजणी अंदाजाची आहे.

शेवटची चूक तयार झाल्यावर होते आणि मीही ती एकदा केली. चांगला आंबट झालेला सिरका कापडाखाली तसाच दोन महिने राहिला आणि पाणचट झाला. अल्कोहोल संपलं की हेच जिवाणू ॲसिड खायला लागतात. तेव्हा मोजणी पूर्ण भरली की त्याच आठवड्यात गाळा, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ६५ अंशांपर्यंत, म्हणजे वाफ दिसू लागेल पण उकळी येणार नाही इतपत, तापवा. काचेच्या बाटल्यांत अगदी गळ्यापर्यंत भरून बूच लावा. पुढच्या खेपेच्या विरजणाची एक वाटी मात्र तापवायच्या आधी बाजूला काढा.